जुन्या कमिन्स पिकअपची ताकद वाढवताना: आधी हवा, मग डिझेल

१९९४ ते १९९८ या काळातल्या डॉज रॅम पिकअपच्या डिझेल पंपावर एक छोटं हाऊसिंग असतं. ते उतरवलं, आतली फ्युएल प्लेट (जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारी पट्टी) थोडी पुढे सरकवली आणि हाऊसिंग परत बसवलं की गाडी एकदम अंगात आल्यासारखी पळते. वेळ जेमतेम तासाभराचा, खर्च शून्य. म्हणूनच बहुतेक जण सुरुवात इथून करतात, आणि माझ्या मते बहुतेक इंजिनांची वाट इथेच लागते. डिझेल वाढवणं फुकटात होतं. हवा वाढवायला पैसे आणि वेळ लागतो. त्यामुळे हवेचं काम मागे राहतं, आणि त्याची किंमत पिस्टन मोजतो.

हा लेख त्याच इंजिनाबद्दल आहे: सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं, बारा व्हॉल्व्हचं कमिन्स. त्यावर बॉशचा पी७१०० इनलाइन पंप आणि होलसेटचा एचएक्स३५डब्ल्यू टर्बो: एक्झॉस्टच्या वायूंनी त्याची टर्बाइन फिरते आणि दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात भरतो. १९९६ पासून मॅन्युअल गिअरच्या गाडीत ते २१५ अश्वशक्तीचं येत असे, ऑटोमॅटिकमध्ये १८० चं. हे घराणं मराठी वाचकाला परकं नाही. जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये याच बी सिरीजची ५.९ लिटरची इंजिनं टाटाच्या ट्रकसाठी बनली, आणि पुण्यात कमिन्सचा कारखाना १९६२ पासून आहे. कमिन्सचं मुख्यालय अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात आहे. पुण्याहून नोकरीसाठी तिकडे गेलेल्या अनेक घरांसमोर आज अशी एखादी जुनी रॅम उभी दिसते. माझ्याकडेही आहे, १९९७ ची, पाच गिअरची. तिच्यामागे साडेचार टनांचा ट्रेलर जोडून मी कोलोरॅडोपर्यंत जातो. पुढचं सगळं अशा ओझं ओढणाऱ्या गाडीसाठी आहे. शर्यतीच्या गाडीचा हिशेब वेगळा असतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या

पेट्रोल इंजिनात इंधन कमी पडलं की तापमान वाढतं. डिझेलमध्ये बरोबर उलटं होतं. या इंजिनात हवा अडवणारा थ्रॉटल नाही. इंजिन जेवढी हवा ओढू शकतं तेवढी ओढतं, आणि ताकद ठरते ती आत किती डिझेल फवारलं यावर. जळायला लागते त्यापेक्षा जास्त असलेली हवा ज्वाळेची उष्णता वाटून घेते, म्हणजे पिस्टनला थंड ठेवते. तेवढ्याच हवेत डिझेल वाढवत नेलं की आधी ताकद वाढते, मग ताकदीबरोबर काळा धूर वाढतो, आणि त्यानंतर नुसता धूर आणि उष्णता वाढते. पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत, ही गोष्ट विसरायची नाही.

किती हवेला किती डिझेल, हे कागदावर मांडता येतं. इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर आहे आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे असं धरू. ५.९ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. भरण्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मिनिटाला साधारण ६.२७ घनमीटर हवा आत जाते. बाहेर २५ अंश असताना टर्बोशिवाय ती ७.४ किलो भरते. ३० पीएसआय बूस्ट म्हणजे समुद्रसपाटीला बाहेरच्या दाबाच्या तिप्पट दाब. पण इंटरकूलरमधून (टर्बोतून तापून आलेली हवा गार करणारी जाळी) येऊनही हवा ६० अंशांच्या आसपास असते, म्हणून घनता तिप्पट न होता २.७ पट होते. म्हणजे मिनिटाला जवळपास २० किलो हवा.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये दोन्हींना मिसळायला वेळ फार थोडा मिळतो. त्यामुळे धूर न काढता चालायचं तर वीस किलोला एक किलो धरावं. २० किलो हवेत एक किलो डिझेल, म्हणजे तासाला ६० किलो. चांगलं डिझेल इंजिन एका किलोवॉट-तासाला २३० ग्रॅमच्या आसपास डिझेल घेतं. उत्तर येतं २६० किलोवॉट, म्हणजे इंजिनावर ३५० अश्वशक्ती आणि चाकांवर तीनशेला थोडी कमी.

मूळ टर्बो, ३० पीएसआय, चाकांवर तीनशेच्या आत. ओझं ओढणाऱ्या गाडीसाठी मी आखलेली मर्यादा एवढीच आहे. याच्या पुढे जायचं असेल तर आधी टर्बो बदला, डिझेल नंतर.

इंजिनाची तब्येत

ताकद वाढवण्याआधी टायमिंग गिअरच्या हाऊसिंगमधली डॉवेल पिन (हाऊसिंग जागेवर धरणारी छोटी खुंटी) बघा. या इंजिनांत ती हलत हलत बाहेर येते आणि गिअरमध्ये पडते. अमेरिकेत तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात ते उगाच नाही. पुढचं कव्हर काढायचं आणि पिनच्या तोंडावर पत्र्याची छोटी पट्टी जवळच्या बोल्टखाली आवळायची, म्हणजे पिन बाहेर येऊच शकत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग व्हॉल्व्हचा गॅप. इंजिन थंड असताना इनटेकला ०.२५ मिमी, एक्झॉस्टला ०.५० मिमी. ऑइलचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवा आणि ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या रिंगांवरून खाली निसटणारे वायू, बघा. भकाभका धूर येत असेल तर पैसे टर्बोवर न घालता रिंगांसाठी ठेवा.

टर्बोची इनटेककडची नळी काढून शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवी किंचित ढिलाई असतेच, कारण शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो. पण चाक हाऊसिंगला घासता कामा नये, आणि पुढे-मागे ओढल्यावर टकटक जाणवता कामा नये. पात्यांच्या कडेला बोट फिरवा. कड खरखरीत लागली तर फिल्टरमधून धूळ आत जात होती असं समजा.

मीटर बसवल्याशिवाय पान्हा उचलू नका

तीन मीटर लागतात. पहिला एक्झॉस्टच्या तापमानाचा. त्याचा प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्येच बसवायचा. टर्बोनंतर बसवणं सोपं जातं, पण तिथलं तापमान ओझ्याखाली शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतं, आणि ड्रायव्हर निश्चिंत राहतो. भोक पाडताना बीड धातूचा चुरा टर्बाइनमध्ये जाऊ द्यायचा नाही. टर्बो उतरवून हे काम करणं सगळ्यात चांगलं. उतरवायचा नसेल तर ड्रिल आणि टॅपला भरपूर ग्रीस लावा आणि दर दोन आट्यांनी बाहेर काढून पुसा.

दुसरा बूस्टचा, इनटेक मॅनिफोल्डवर. तिसरा मीटर फार थोडे जण लावतात आणि मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो: टर्बाइनच्या आधीचा दाब, ज्याला ड्राइव्ह प्रेशर म्हणतात. मॅनिफोल्डमधून आधी एक-दोन फूट तांब्याची नळी काढायची, म्हणजे वायू थंड होतात, आणि मग मीटरची नळी जोडायची. बूस्ट ३० असताना ड्राइव्ह प्रेशर ३० ते ४० असेल तर टर्बो सुखात आहे. ते साठकडे जायला लागलं तर इंजिन आपलीच ताकद एक्झॉस्ट बाहेर ढकलण्यात घालवतंय.

तापमानाची मर्यादा: सलग चढावर ७०० अंश सेल्सिअस. ओव्हरटेक करताना क्षणभर काटा पुढे गेला तर चालतं. दहा मिनिटांच्या घाटात नाही.

आता काहीही न बदलता ट्रेलर जोडा आणि ओळखीचा एक चढ पकडा. गिअर तोच, वेग तोच. तिन्ही काट्यांचे आकडे, बाहेरचं तापमान आणि धुराचा रंग वहीत लिहा. पुढचा प्रत्येक बदल याच चढावर, याच ओझ्याने तपासायचा. एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

हवेची वाट मोकळी करा

पहिलं काम गळती शोधणं. टर्बोच्या तोंडाला बसेल असं टोपण घ्या, त्याला हवेचा व्हॉल्व्ह लावा, गॅरेजच्या हवेच्या कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर २० पीएसआयवर ठेवा. ऑइलचं झाकण उघडं ठेवा, म्हणजे क्रँककेसमध्ये दाब साठणार नाही. मग साबणाचं पाणी फवारत इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंच्या रबरी होजवरून सावकाश जा.

माझ्या गाडीत सगळं ठाकठीक दिसत होतं. क्लॅम्प चकचकीत होते, होजला कुठे चीर नव्हती. खालच्या होजच्या मागच्या अंगाला, जिथे नजर पोचत नाही, तिथे हात घातला तर बोटांवर गार फुंकर लागली. आरसा धरून बघितलं तर क्लॅम्पच्या कडेने बारीक फेस साठत होता, फुगत होता आणि फुटत होता. नळीवर ऑइलचा जुना थर होता आणि त्यावर रबर घसरून दोन मिलिमीटर बाहेर आलं होतं. थर पुसून काढला, होज परत बसवली, टी-बोल्टचा क्लॅम्प आवळला. त्याच चढावर बूस्ट ३ पीएसआयने वाढला आणि तापमान ४० अंशांनी उतरलं. डिझेलला मी हातही लावला नव्हता.

एअर फिल्टर आणि मागचा एक्झॉस्ट पाइप बघून घ्या. चेपलेला पाइप असेल तर बदला.

त्यानंतर वेस्टगेट, म्हणजे बूस्ट हद्दीपुढे जाऊ नये म्हणून टर्बाइनला टाळून वायू सोडणारी झडप. मूळ गाडीत बूस्ट २० पीएसआयच्या आसपास थांबतो. वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरला जाणाऱ्या नळीवर ॲडजस्ट होणारा एल्बो लावून तो ३० ते ३२ पर्यंत नेता येतो. काही जण ही नळी काढून तोंड बंदच करून टाकतात. तसं करू नका. एचएक्स३५चा कॉम्प्रेसर ३५ च्या पुढे हवा कमी आणि उष्णता जास्त देतो, आणि शाफ्टचा वेग आवाक्याबाहेर जातो.

डिझेलची वाट

पंपापर्यंत डिझेल भरपूर आणि हवेच्या बुडबुड्यांशिवाय पोचलं पाहिजे. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा दाब आयडलवर १७ ते २२ पीएसआय आणि २५०० फेऱ्यांवर २५ च्या वर हवा. कमी असेल तर सगळ्यांचा संशय फीड पंपावर जातो. आधी पंपाच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग बघा, ती दमलेली असते. टाकीकडच्या रबरी नळ्या पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांतून डिझेल गळत नाही, पण हवा आत ओढली जाते, आणि सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागतो.

आता पंप

पी७१०० वर डिझेल ठरवणाऱ्या तीन गोष्टी आहेत, आणि तिघींची कामं वेगळी आहेत. एएफसी म्हणजे बूस्ट बघून डिझेल सोडणारा पहारेकरी. टर्बोचा दाब डायफ्रामवर येतो, स्प्रिंग दाबली जाते, मग पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलचं माप ठरवणारी दांडी, पुढे जाऊ शकतो. फ्युएल प्लेट ही शेवटची हद्द: पूर्ण बूस्टवर जास्तीत जास्त किती डिझेल. गव्हर्नरच्या स्प्रिंगा ठरवतात की किती फेऱ्यांवर पंप डिझेल मागे घेणार.

सुरुवात एएफसीपासून करा. आतल्या दातेरी चाकाने स्प्रिंगचा ताण बदलतो. हात लावण्याआधी चाकावर आणि बाजूच्या धातूवर पांढऱ्या मार्करने एकच रेघ ओढा, म्हणजे मूळ जागी परतता येतं. चार-पाच दात फिरवा आणि चालवून बघा. गिअर टाकून निघताना धुराची बारीक रेघ दिसून दोन सेकंदांत नाहीशी झाली, तर बरोबर. ढग उठत असेल तर टर्बो जागा होण्याआधीच डिझेल येतंय; मागे फिरवा.

मग प्लेट. हाऊसिंगचे काही स्क्रू मुद्दाम डोकं तुटणारे असतात. ते जपून काढून साधे ॲलन बोल्ट लावा. प्लेटच्या मूळ जागेवर सुईने ओरखडा ओढा आणि एका खेपेला अर्धा ते एक मिलिमीटरच पुढे न्या. लोक ती एकदम शेवटपर्यंत ढकलतात. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. मोकळी गाडी मस्त पळाली. ट्रेलर जोडून चढावर लागल्यावर दीड मिनिटात काटा ७६० वर गेला, आणि मला पाय काढून रस्त्याच्या कडेच्या लेनमध्ये जावं लागलं. मीटर नसता तर मी तसाच वर गेलो असतो.

गव्हर्नरच्या ३००० फेऱ्यांच्या स्प्रिंगा ओझ्याच्या गाडीला खरोखर उपयोगी पडतात, कारण मूळ पंप २५०० च्या पुढे डिझेल कापायला लागतो आणि चढावर गिअर खाली टाकता येत नाही. ४००० च्या स्प्रिंगांची ओझ्याच्या गाडीला गरज नाही. त्या घातल्या तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही जास्त ताकदीच्या घालाव्या लागतात.

काटे काय सांगतात

बदल केल्यावर तिन्ही काटे एकत्र वाचायचे.

तापमान जास्त आणि बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी, तर हवा कुठेतरी गळतेय किंवा वेस्टगेट लवकर उघडतोय. पुन्हा साबणाचं पाणी घ्या.

बूस्ट ठरल्याप्रमाणे, ड्राइव्ह प्रेशर दीडपटीच्या आत आणि तरी तापमान ७०० च्या वर, तर डिझेलच जास्त आहे. प्लेट मागे घ्या. हा सगळ्यात सरळ प्रकार, आणि मान्य करायला सगळ्यात अवघड, कारण हातात आलेली ताकद परत द्यावीशी वाटत नाही.

बूस्ट ठीक, पण ड्राइव्ह प्रेशर त्याच्या दुपटीकडे, तर टर्बाइनची बाजू तुंबतेय. मूळ हाऊसिंग १२ चौरस सेंटिमीटरचं असतं. १४ किंवा १६ चं लावलं तर वरच्या फेऱ्यांवर वायूंना वाट मिळते. पण टर्बो उशिरा उठतो, आणि ट्रेलर घेऊन सिग्नलवरून निघताना ते जाणवतं.

धूर फक्त खालच्या फेऱ्यांवर येऊन नंतर साफ होत असेल तर एएफसी बघा. वरच्या फेऱ्यांवरही काळा येत राहिला तर प्लेट किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड). सकाळी पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास असेल तर टायमिंगकडे, म्हणजे डिझेल फवारण्याच्या वेळेकडे, जा.

टर्बो बदलायचा तो केव्हा

३२ पीएसआय बूस्ट, गळती नाही, प्लेट योग्य जागी, आणि तरी तुमच्या ओझ्याला ताकद कमी पडतेय: तेव्हाच. एचएक्स३५च्या कॉम्प्रेसर चाकाचं तोंड ५४ मिमीचं आहे. पुढची पायरी म्हणून ६२ मिमीचा कॉम्प्रेसर, ६५ मिमीची टर्बाइन आणि १२ चं हाऊसिंग ही जोडी बरीच वापरली जाते, आणि ओझ्यासाठी ती मला पटते. याहून मोठा एकच टर्बो मोकळ्या रस्त्यावर छान वाटेल, पण १६०० फेऱ्यांवर तो झोपलेला असेल, आणि ट्रेलरवाल्याचं निम्मं आयुष्य तिथेच जातं. त्याहून ताकद हवीच असेल तर मागेपुढे जोडलेले दोन टर्बो घ्यावे लागतात. तो खर्चच वेगळा.

नवा टर्बो बसवल्यावर डिझेल लगेच वाढवू नका. पंपाला हात न लावता तोच चढ चढा. तापमान किती उतरलं तेवढी तुमची नवी शिल्लक. डिझेल त्या शिलकीतून वाढवायचं, आणि मी त्यातली तीसेक अंश नेहमी राखून ठेवतो.

मोठ्या नोझलची वेळ याच्या नंतर येते. भोकं मोठी झाली की तेवढंच डिझेल कमी वेळात आत जातं, आणि ते चांगलंच असतं. पण फवाऱ्याचा कोन पिस्टनच्या वाटीशी जुळला पाहिजे, आणि सहाही नोझल एकाच दाबाला उघडली पाहिजेत. मूळ दाब २५० ते २६० बारच्या आसपास असतो. टेस्ट बेंचवर सहाही तपासून आणि शिम (पातळ चकत्या) टाकून घेतल्याशिवाय बसवू नका. एक नोझल गळकं असलं तर ते एकाच पिस्टनला जाळतं, आणि मीटर अनेक सिलिंडरांची सरासरी दाखवत राहतो.

टायमिंग पुढे घेतल्याने तापमान उतरतं हे खरं, पण सिलिंडरमधला दाब चढतो आणि भार हेड गॅस्केटवर येतो. क्रँकच्या फिरण्याच्या १६ अंशांच्या पुढे टायमिंग मी ओझ्याच्या गाडीत नेत नाही. पंपाचा गिअर परत बसवताना शाफ्टचा आणि गिअरचा टेपर (निमुळता भाग) दोन्ही कोरडे आणि स्वच्छ हवेत. ऑइलचा थेंब राहिला तर गिअर घसरतो आणि टायमिंग बदलतं. बूस्ट ४० च्या पुढे नेणार असाल तर हेडला मजबूत स्टड हवेत.

क्लचचं थोडक्यात सांगतो: मूळ क्लच तीनशे अश्वशक्तीच्या आसपास घसरू लागतो, आणि ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर त्याच्याही आधी. ते पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा.

उंची आणि कायदा

कोलोरॅडोत आय-७० हा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर जातो. तिथे हवेचा दाब १४.७ ऐवजी साडेनऊ-पावणेदहा पीएसआय असतो. मीटरवर तेच ३० दिसले तरी टर्बोला आता बाहेरचा दाब तिप्पट नाही, चौपट करावा लागतो, आणि एवढं करून इंजिनला मिळणारी हवा कमीच. घरी ६५० वर स्थिर राहणारा काटा तिथे ७०० ओलांडतो. ज्यांना डोंगरात जायचंय त्यांनी प्लेटची जागा तिथल्या हिशेबाने ठरवावी.

अमेरिकेत ‘क्लीन एअर ॲक्ट’खाली प्रदूषण नियंत्रणाची साधनं काढणं किंवा निकामी करणं बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १९९८ पासूनच्या डिझेल पिकअपना स्मॉग तपासणी आहे. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात मनाने बदल करता येत नाही. मागच्या गाडीतल्या माणसाच्या नाकातोंडात काळा धूर जाईल अशी गाडी लावणं मला कायदा नसता तरी मान्य झालं नसतं.

चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. काटा १५० अंशांपर्यंत उतरू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागेवरच जळून कोळसा होतं. पहिल्या हजार मैलांनंतर सगळे क्लॅम्प, मॅनिफोल्डचे बोल्ट आणि व्हॉल्व्हचे गॅप पुन्हा बघा. माझ्या वहीतली सध्याची शेवटची ओळ बोगद्याच्या पूर्वेकडच्या चढावरची आहे: ट्रेलर जोडलेला, चौथा गिअर, २३०० फेऱ्या, बूस्ट २७, ड्राइव्ह ३४, तापमान ६८५, धूर नाही. प्लेट शेवटच्या टोकापासून दोन मिलिमीटर मागे आहे, आणि ती तिथेच ठेवली आहे.